एकट्याने भयपट करताना : वाचकांचे प्रश्न

चित्रपट महोत्सवासाठी एकट्याने छोटा भयपट करायला निघालेल्या वाचकांचे बरेच प्रश्न या महिन्यात आले. मी ध्वनिसंयोजनाचं काम करते आणि काही वर्षं लघुपटांच्या प्राथमिक निवडीलाही बसले आहे. त्यामुळे माझी उत्तरं थोडी कानाच्या बाजूने झुकलेली असतील.

प्रश्न : माझ्याकडे फोन आणि ट्रायपॉड आहे. गावाबाहेरच्या पडक्या वाड्यात अडकलेल्या पाच मित्रांची गोष्ट लिहिली आहे. पण मित्र रविवारचं कबूल करतात आणि येत नाहीत. एकट्याने कशी करू? (सातारा)

ती गोष्ट आत्ता ठेवून द्या. पाच जणांची गोष्ट एकट्याने करायला गेलं की निम्मा वेळ माणसं नाहीत हे लपवण्यात जातो आणि ते पडद्यावर लगेच कळतं. एकट्या माणसाचीच गोष्ट लिहा. भयकथेला ती मानवते. घरात आपल्याशिवाय कोणी नाही, इथूनच तर भीती सुरू होते.

डेव्हिड सँडबर्ग या स्वीडिश दिग्दर्शकाने २०१३ मध्ये बायकोला घेऊन राहत्या घरात ‘लाइट्स आउट’ केला. लांबी तीन मिनिटांहूनही कमी. बाई झोपायला जाताना दिवा बंद करते तर पॅसेजमध्ये कोणीतरी उभं दिसतं, दिवा लावला की कोणी नाही. एका ऑनलाइन स्पर्धेसाठी केलेल्या या लघुपटावरून २०१६ मध्ये त्यानेच हॉलिवूडचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. भांडवल काय, तर एक बटण आणि एक पॅसेज. ट्रायपॉड जागचा हलू न देता एकदा माणसासह आणि एकदा रिकामा असे दोन शॉट घ्यायचे आणि एडिटिंगमध्ये जोडायचे, हे एकट्यालाही जमतं.

तुमच्या घरातलं असं ‘बटण’ शोधा. मला सुचलेलं एक सांगते. आई जाऊन महिना झालाय, मुलगा घरात एकटा आहे. आईची सवय होती, आतून ओरडून सांगायची, ‘तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद कर रे!’ आज तो अंघोळीला गेलाय. कुकर लावलेलाच नाही. स्वयंपाकघरातून शिट्टी होते. तो नळ बंद करतो. दुसरी होते. मग कितीतरी वेळ काहीच नाही. बादलीत थेंब पडतोय आणि प्रेक्षक तिसऱ्या शिट्टीची वाट पाहत बसलाय. भूत दाखवायचंच नाही. कलाकार एक, खोल्या दोन, आणि भीती आपल्याच घरातली.

आणि पडक्या वाड्यात रात्री एकटे जाऊ नका, हे मनापासून सांगते. ढासळती भिंत, उघडा आड, साप, यांना तुमची गोष्ट माहीत नसते. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगीही लागते.

प्रश्न : अंधारातले शॉट दाणेदार येतात. ट्यूबलाइटखाली आडवे पट्टे सरकताना दिसतात. अभिनय मीच करतो, त्यामुळे फोकसही चुकतो. (ठाणे)

दिवे बंद करून अंधार मिळत नाही. फोनचा सेन्सर लहान असतो. उजेड कमी पडला की फोन आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो, आणि तेच दाणे. अंधार उजेडानेच घडवावा लागतो. एक भाग नीट उजळायचा, बाकीचं काळं पडू द्यायचं. नऊ वॉटचा एक एलईडी बल्ब अर्धवट लोटलेल्या दाराआड ठेवा आणि तुम्ही दाराच्या अलीकडे उभे राहा. चेहरा काळा, कडा उजळ, एवढं पुरतं. मऊ उजेड हवा असेल तर दिवाळीचा पांढरा आकाशकंदील माळ्यावरून काढा, त्याच्याइतका स्वस्त आणि चांगला डिफ्यूजर मी पाहिलेला नाही.

आपल्या फ्लॅटमधली खरी अडचण म्हणजे पांढऱ्या भिंती. बल्ब कुठेही लावा, उजेड भिंतीवर आपटून सगळीकडे पसरतो आणि सावलीचा जीव जातो. फ्रेमच्या बाहेर, उजेडाच्या समोरच्या भिंतीवर काळी चादर टांगून पाहा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्याच खोलीत, त्याच बल्बखाली मला माझंच कपाट ओळखू येईना.

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे ती ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, पट्टे बहुधा जातील. डिमर लावलेला एलईडी मात्र आधी तपासून घ्या. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने ठरवायची सोय नसेल तर ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा ॲप आहे. आयएसओ, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचा तोल), फोकस सगळं लॉक करा. फोकससाठी तुमच्या जागी खुर्चीत झाडू उभा करा, त्यावर फोकस धरून लॉक करा, जमिनीवर खडूने खूण करा आणि झाडूच्या जागी स्वतः उभे राहा.

प्रश्न : आवाजासाठी पैसे नाहीत. यूट्यूबवरचं भयसंगीत लावलं तर चालेल का? (कोल्हापूर)

नका लावू. हक्काचा प्रश्न आहेच, पण निवडीला बसल्यावर तेच ते घोंघावणं आणि तोच धडाम आवाज इतक्या वेळा ऐकू येतो की पुढे काय होणार ते आधीच कळतं. संगीत प्रेक्षकाला सांगतं की आता घाबर. शांतता त्याला एकटं सोडते.

म्हणून पहिलं काम शांततेचं. प्रत्येक खोलीत, माणूस न हलता, मिनिटभर नुसतं रेकॉर्डिंग करा. फोन विमान मोडवर, पंखा बंद, फ्रीज बंद. फ्रीज बंद केलात की गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय तुम्ही घराबाहेर पडणार नाही. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. ही खोलीची शांतता संपूर्ण चित्रपटाखाली अंथरायची. ती नसेल तर प्रत्येक कटला आवाज तुटतो आणि प्रेक्षकाला कारण न कळता खटकत राहतं.

शहरात राहता, तर चित्र आणि आवाज वेगळे घ्या. खिडक्यांना काळं प्लास्टिक लावून रात्रीचे प्रसंग दिवसाच चित्रित करा, दमणूक कमी होते. आवाज मात्र पहाटे दोन ते चारच्या दरम्यान. तेव्हा रस्ता झोपलेला असतो.

बाकीचे आवाज स्वयंपाकघरात आहेत. सैल भिजवलेली कणीक माइकपासून वीतभर अंतरावर हळूहळू दाबा, ओल्या मांसाचा आवाज येतो. रुमालात गुंडाळून मुळा मोडा, हाड मोडतं. आणि कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून एडिटिंगमध्ये वेग एक चतुर्थांश करा, स्वर तोच ठेवायचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. आवाज दोन सप्तकं खाली उतरतो. तो कशाचा आहे ते ओळखू येत नाही, पण ऐकलाय कुठेतरी असं वाटत राहतं. ओळखीचं काहीतरी बिघडलंय, ही जाणीव विकतच्या किंकाळीतून कधी येत नाही.

काही आवाज घरात मिळालेच नाहीत तर फ्रीसाउंड या आवाजांच्या मोफत संकेतस्थळावर शोधा, पण प्रत्येक फाइलचा परवाना वाचा. ‘सीसी झिरो’, म्हणजे करणाऱ्याने हक्क सोडून दिलेला आवाज, असेल तर निर्धास्त वापरा.

प्रश्न : नारायण धारपांची एक कथा लहानपणापासून डोक्यात आहे. चित्रपट छोटा आणि बिनपैशाचा आहे, तर परवानगी लागेल का? (नाशिक)

लागेल. बजेटशी त्याचा संबंध नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत. कुटुंबीयांना किंवा प्रकाशकांना साधं, नम्र पत्र लिहा आणि उत्तर लेखी घ्या. ‘श्रेय दिलं आहे’ म्हणजे परवानगी नव्हे. बहुतेक महोत्सव प्रवेशिकेवर हक्क तुमच्याकडे असल्याचं लिहून घेतात.

मुंजा, हडळ, झोटिंग, चकवा मात्र कोणाच्या मालकीचे नाहीत. चकव्याकडे तर मी लक्ष वेधेन. ओळखीच्या वाटेवर माणूस तिथल्या तिथेच फिरत राहतो. एक माणूस, एक जिना आणि कधीच न येणारा तिसरा मजला. एकट्या दिग्दर्शकाला याहून काय हवं?

प्रश्न : घरच्या घरी रक्त कसं करावं? (लातूर)

साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, रंग दाट करायला चिमूटभर कोको, निळ्या रंगाचा एक थेंब. कॅमेऱ्यासमोर तपासा, डोळ्यांना बरोबर दिसतं ते फोनमध्ये गुलाबी येतं. भिंत आणि कातडी दोन्ही रंगतात, मुंग्याही येतात. आणि हवं तेवढंच वापरा. फरशीवरचा एक थेंब पुसल्यावर पुन्हा दिसला, तर तो बादलीभर रक्ताला भारी पडतो.

प्रश्न : माझा चित्रपट २२ मिनिटांचा झाला आहे. यूट्यूबवर टाकून मग महोत्सवांना पाठवू का? (पुणे)

आधी महोत्सव, मग यूट्यूब. काही महोत्सव ऑनलाइन आलेला चित्रपट घेत नाहीत, तेव्हा नियम वाचा आणि पासवर्ड असलेली लिंकच पाठवा.

लांबीचं म्हणाल तर ऑस्करच्या नियमातही ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपटच असतो, पण निवड करणाऱ्याला दीड तासाच्या सत्रात तो बसवायचा असतो. २२ मिनिटांच्या जागेत आठ-आठ मिनिटांचे दोन चित्रपट बसतात. तुमचा चित्रपट त्या दोघांपेक्षा सरस हवा. माझा अनुभव असा की पहिली चार मिनिटं बहुतेक वेळा काढता येतात : गाडी येते, कुलूप उघडतं, नायक घर पाहतो. थेट आत घ्या प्रेक्षकाला.

पाठवण्याआधी अंधाऱ्या खोलीत मोठ्या टीव्हीवर पाहा. फोनवर गडद काळं दिसणारं तिथे राखाडी आणि दाणेदार निघतं. इंग्रजी सबटायटल दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. फिल्मफ्रीवे या महोत्सवांना चित्रपट पाठवायच्या संकेतस्थळावर प्रवेश फी बहुधा तारखेगणिक वाढत जाते, तेव्हा लवकर पाठवा. पैसे मोजकेच असतील तर पंधरा ठिकाणी उधळू नका. भयपटांना आणि लघुपटांना खरोखर जागा देणारे चार-पाच महोत्सव निवडा. निवड झाली आणि डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, मागितली तर घाबरू नका. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर ती करून देतं.

प्रश्न : ताई, आजी म्हणते घरात भुताखेतांचं नाव काढायचं नाही, तिन्हीसांजेला तर नाहीच. शूटिंगसाठी दुसरं घर नाही. काय करू? (रत्नागिरी)

आजीचं ऐका, म्हणजे नीट बसून ऐका. देवघर फ्रेममध्ये घेऊ नका, लिंबू-बाहुली आणू नका, तिन्हीसांजेची वेळ तिला देऊन टाका. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, कोणाच्या दारात वेष करून उभे राहू नका. मग तिला गोष्ट वाचून दाखवा. कोकणातल्या आजीला चकवा कुठल्या वळणावर लागतो ते तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं, आणि बोलायला लागली की तुमची पटकथा सुधारेल.

ती तयार झाली तर तिचा आवाज घ्या. तिला कपाटासमोर खुर्चीत बसवा, दारं उघडा, माइक साड्यांच्या घड्यांजवळ ठेवा. कापड घुमारा पिऊन टाकतं आणि आवाज अगदी कानाशी आल्यासारखा येतो. तिला भूत व्हायला सांगू नका. रोज सांगते तसंच एकदा सांग म्हणावं, ‘दार लावून घे रे.’