ढालीवर लाल फुली, वर माकड

प्रश्न : आयर्लंडच्या फिट्झजेराल्ड सरदारांवर वाचताना पांढऱ्या ढालीवर लाल तिरकी फुली आणि वर माकड असं चिन्ह दिसलं. ते नेमकं कोणाचं? शोधायचं कसं?

उत्तर : आधी पांढऱ्या भागाकडे नीट बघा. तो कोरा असेल तर किल्डेअरची शाखा. हेच घराणं 1316 मध्ये अर्ल झालं आणि 1766 मध्ये लेन्स्टरचे ड्यूक. त्यावर अर्मिनचे (शेपटीचं टोक काळं असलेल्या प्राण्याच्या पांढऱ्या फरचे) काळे ठिपके असतील तर मात्र डेस्मंडची शाखा. एवढ्याशा ठिपक्यांवर घराणं बदलतं! माकड किल्डेअरकडे बोट दाखवतं. आग लागली तेव्हा तान्ह्या वारसाला माकडाने वाचवलं, अशी त्यांच्याकडची आख्यायिका आहे. मला ती फार आवडते, पण पुरावा म्हणून धरू नका.

आडनावावरून शोधू नका, हे कळकळीने सांगते. चिन्ह आडनावाला नाही, व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं. दुकानात ‘फिट्झजेराल्डांची ढाल’ म्हणून जे विकतात, त्यावर भिस्त ठेवू नका. व्यक्ती आणि तिचा काळ ठरवा, मग नोंदी बघा. 1552 पासून चिन्हं देण्याचं आणि नोंदवण्याचं काम ‘अल्स्टर किंग ऑफ आर्म्स’ या अधिकाऱ्याकडे होतं. 1943 मध्ये ते आयरिश सरकारकडे आलं, आणि जुनी दप्तरं आज डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यातल्या अंत्यविधीच्या नोंदी आवर्जून उघडा. मृताचं लग्न, मुलं आणि रेखाटलेली ढाल एकाच पानावर सापडते.