कांचनजंगामध्ये एवढ्या मोठ्या गच्च्या म्हणजे जागा वाया नाही का?

पेडर रोडजवळच्या कांचनजंगा इमारतीचे कोपरे कोरून दोन-दोन मजली उंचीच्या गच्च्या का ठेवल्या, इतक्या महाग जागेत ती जागा वाया नाही का गेली, असं तुम्ही विचारलंय. नाही गेली. 'वाया' हा शब्द वाचला म्हणूनच लिहायला बसले.

मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडेच. पण दुपारचं ऊन आणि पावसाची झड यायची बाजूही तीच. जुन्या बंगल्यांना म्हणून व्हरांडे असायचे. ऊन-पाऊस व्हरांड्याने झेलायचा, खोल्या आत गार. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांनी तोच व्हरांडा २८ मजल्यांच्या, ८४ मीटर उंच इमारतीत चढवला. घरं फक्त ३२. मधे लिफ्टचा काँक्रीटचा गाभा आधी उभा केला, म्हणून कोपऱ्यांत खांब न देता गच्च्या सहा मीटरहून जास्त बाहेर काढता आल्या. ते गणित इंजिनिअर शिरीष पटेलांचं. याच तिघांनी साठच्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडली होती. इमारत १९८३ ला पुरी झाली. त्या गच्च्या काढल्या तर उरतो तो तापणारा खोका.

खोक्यात राहणं काय असतं ते मला माहीत आहे. डोंबिवलीला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला चार बाय दहाची गॅलरी. बाबा संध्याकाळी लोखंडी घडीची खुर्ची टाकून तिथे बसायचे. २००४ साली दादाने ठरवलं की जागा वाया जातेय, हॉल मोठा करू. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला, ऑफिसात रोज असलेच प्लॅन काढायचे. कांचनजंगाचा प्लॅन कागदावर काढून त्याला दाखवला. "ते श्रीमंतांचं. तू नकाशे काढ, घर मी बघतो," म्हणाला. मधली भिंत पाडली, कठड्यावर सरकत्या काचा बसवल्या.

पहिल्याच मे महिन्यात दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवेना. पडदे ओढले की वारा बंद. जूनमध्ये काचांच्या पट्टीत पाणी साचून आत यायला लागलं. आई तिथे जुन्या साडीचे बोळे कोंबायची. दिवाळीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले. बाबा काही बोलले नाहीत. खुर्ची उचलून जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी बसायला लागले. येणारे-जाणारे "काका, जरा" म्हणत पाय आखडायला लावायचे. शेवटची तीन वर्षं ते तिथेच बसले.

तुम्ही घर घेत असाल तर पश्चिमेची गॅलरी बंद करू नका. वर खोल छज्जा आहे का बघा, उन्हाला बांबूची चटई सोडा, पावसात ती वर गुंडाळा. बिल्डरने आधीच बंद करून दिली असेल तर ते घर घेऊच नका.

हे खरं की पाचशे फुटांत सहा माणसं असली की गॅलरीसुद्धा खोली वाटते. दादाच्या दोन्ही मुलांना अभ्यासाला जागा नव्हती, तेही खरं. पण अभ्यासाचं टेबल आतल्या खोलीत बसत होतं. मी तेव्हाच मोजून दाखवलं होतं.

आता मुलं परगावी आहेत, हॉलमध्ये दोघंच असतात. दादा, वाचत असलास तर, मधली भिंत परत बांधायचा खर्च मी देते.