कॉलेज-प्रवेश मदत कार्यक्रमातल्या मुलांचा डेटा सांभाळायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

तुम्ही अमेरिकेत, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी काम करता, प्रत्येक समुपदेशकाची एक्सेल शीट वेगळी आहे आणि आता सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय, असं लिहिलंय. मीही याच कामात आहे. सॉफ्टवेअर राहू द्या बाजूला, आधी तुमचा नोंदणीचा फॉर्म काढून बघा. पुढे जे आकडे मागितले जातील, त्यांची सोय तिथेच झालेली असते किंवा नसते.

उदाहरणार्थ, ‘आईवडील कॉलेजात गेले होते का?’ हा प्रश्न बहुतेक फॉर्मवर असतो आणि तो कुचकामी आहे. अपवर्ड बाउंडसारख्या सरकारी कार्यक्रमात ‘पहिल्या पिढीचा’ म्हणजे ज्याच्या आईवडिलांपैकी कुणाकडेही चार वर्षांची पदवी नाही असा. दोन वर्षांचा कोर्स केलेल्या आईचं मूलही त्यात बसतं, पण तुमच्या फॉर्मवर ते ‘हो’ लिहून बाहेर पडेल. तिथे किमान दोन-तृतीयांश मुलं पहिल्या पिढीची आणि कमी उत्पन्नाची, अशी दोन्ही असावी लागतात. म्हणजे ही चूक परवडणारी नाही.

दुसरं संमतीपत्र. शाळेच्या नोंदींना १९७४चा फर्पा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता जपणारा कायदा, लागतो. शाळेशी वेगळा करार नसेल तर गुणपत्रकासाठी लेखी संमती हवी, आणि कोणत्या नोंदी, कशासाठी, कोणाला द्यायच्या हे तिच्यात स्पष्ट हवं, खाली सही आणि तारीख. ‘सर्व माहिती देण्यास हरकत नाही’ असलं मोघम लिहून भागत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात दाखल झालं की हा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. म्हणून बारावीत असतानाच, अठरा पूर्ण झाली की त्याची स्वतःची सही घेऊन ठेवा. शाळा सुटली की ही मुलं फोन उचलत नाहीत.

आता खरी गोम. मुलं कॉलेजात गेली का, हे कळायला बहुतेक संस्था कॉलेजांकडून प्रवेशाच्या नोंदी गोळा करणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउसच्या स्टुडंटट्रॅकर या सेवेला नाव आणि जन्मतारखेची यादी पाठवतात. यादी परत येते आणि काही नावांपुढे ‘नोंद सापडली नाही’. त्याचा अर्थ ‘गेला नाही’ असा लावून अहवाल करणारे मी कितीतरी पाहिलेत! शाळेत ‘गार्सिया लोपेझ’ अशी दोन आडनावं आणि कॉलेजात नुसतं ‘लोपेझ’, एवढ्यानेही जुळणी फसू शकते. कधी मुलानेच आपली माहिती देऊ नका असं कॉलेजला सांगितलेलं असतं. काही कॉलेजं डेटा पाठवतच नाहीत. तेव्हा ‘सापडला नाही’ आणि ‘विचारून खात्री केली, गेला नाही’ हे दोन वेगळे शेरे ठेवा आणि पहिल्यातल्या प्रत्येकाला फोन करा. संस्थेत मुलाची ओळख मात्र तुम्ही दिलेल्या क्रमांकावरून ठेवा, नावावरून नको. सोशल सिक्युरिटी क्रमांक तर गरज नसताना घेऊच नका. कुटुंबाच्या इमिग्रेशनची स्थिती समुपदेशकाच्या टिपणात लिहिणंही बंद करा. ती कुणाच्या हाती लागली तर भोगणार ते मूल.

‘कॉलेजात जाणार: हो/नाही’ हा रकानाही काढा. त्याऐवजी अर्ज, प्रवेश मिळाला, जागा निश्चित केली, प्रत्यक्ष हजर झाला, अशा चार तारखा. वसंतात प्रवेश मिळालेली काही मुलं ऑगस्टमध्ये कॉलेजात पोचतच नाहीत, याला तिकडे ‘समर मेल्ट’ म्हणतात. तिसरी तारीख भरलेली पण चौथी अजून रिकामी, अशी मुलं जुलैतच डोळ्यांसमोर असली तरच काही करता येतं.

एवढं झालं की शे-दोनशे मुलांसाठी एकच नीट शीटही पुरते, फक्त ती कोण उघडू शकतो यावर बंधन हवं. सॉफ्टवेअर घेणारच असाल तर विकणाऱ्याला एक विचारा: उद्या तुम्हाला सोडलं तर टिपणांसकट सगळा डेटा सीएसव्हीत (कुठल्याही शीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) मिळेल का? उत्तर लेखी घ्या.