‘कॉलेजात कळणार तर नाही ना?’

सत्र परीक्षेचे निकाल लागले की माझ्या समुपदेशन कक्षात येणाऱ्या बहुतेक मुलामुलींचा पहिला प्रश्न त्रासाचा नसतोच. झोप, रडू, धडधड हे सगळं मागाहून येतं. आधी विचारतात ते हे: इथे आल्याचं कॉलेजात कळेल का? रेकॉर्डवर येईल का? घरी फोन जाईल का? अलीकडे पालकही हळूच विचारून घेतात, ‘मॅडम, पुढे लग्नाच्या वेळी काही अडचण?’ म्हणून एकदाच लिहून टाकते.

ज्याच्याविषयी लिहिते आहे त्याला सुमेध म्हणू. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गोंदियाकडचा, घरी धानाच्या बांध्या, नागपुरात इंजिनिअरिंग, हिंगणा रोडला रूम. दारातच उभा राहून त्याने सुरुवात केली.

“वहीत नाव लिहाच लागते काय?”

“नाही. आज नको लिहू.”

“अन् प्लेसमेंटवाल्यांनी मागतली तं?”

“त्यांना ही वही दिसत नाही. मागितली तरी मिळत नाही.”

“मले पागलखाना चौकात तं नाही ना पाठवणार?”

नागपूरकरांना हा चौक सांगायला नको. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचं. आज तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून, गोळ्या घेऊन लोक संध्याकाळी घरी जातात, पण ऑटोवाल्याला सांगायचं नाव काही बदललं नाही. पोराच्या मनात तोच चौक होता.

त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. समुपदेशनाची नोंद गुणपत्रिकेवर येत नाही, टीसीवर येत नाही. उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. अपवाद आहेत. त्यातला तुमच्या कामाचा म्हणजे जीव धोक्यात असेल तर, मग तो तुमचा असो की दुसऱ्याचा. तेव्हा मी सांगते, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच सांगते. अठरा पूर्ण नसतील तर पालकांना कधी, किती सामील करायचं हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. अपवाद आधी न सांगता ‘कोणालाच कळणार नाही’ अशी सरसकट हमी देणारा समुपदेशक मला बरा वाटत नाही.

“म्हणजे मरावं वाटते म्हटलं तं सांगान?”

“तसं वाटतं का?”

असं सरळ विचारायला शिक्षक आणि वॉर्डन फार घाबरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल असं त्यांना वाटतं. शिरत नाही, उलट, कोणीतरी विचारलं म्हणून श्वास मोकळा होतो. सुमेध म्हणाला, “विचार येते. करत नाही.” काही ठरवलं होतं का, हाताशी काही होतं का, हेही विचारून घेतलं. नव्हतं. तरी कोणाला सांगायचं हे त्यानेच निवडलं, रूममेटला आणि मामाला. झोपेसाठी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, मानसोपचार ओपीडीत चिठ्ठी दिली, रूममेट सोबत गेला.

पुढच्या काही भेटी नुसत्या वरवरच्या झाल्या. तो नीट उत्तरं द्यायचा, फार नीट. आणि नजर सारखी वहीकडे. शेवटी मी वही त्याच्याकडे फिरवली.

“वाच.”

“चालते?”

“तुझ्याबद्दलच आहे.”

पेन्सिलने तीन-चार ओळी होत्या. झोप पहाटे चारला. एक वेळचं जेवण. मेसचे पैसे मित्राकडून. बॅक (राहिलेले विषय) तीन, घरी माहीत. सुमेधने सावकाश वाचलं. पंखा फिरत होता, बाहेर लायब्ररीची मुलं बोलत होती, मी काहीच बोलले नाही. मग त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली, ‘तीन’ खोडलं आणि वर ‘पाच’ लिहिलं.

“बाबाले तीन सांगतले. तुम्हालेही तीनच सांगतले.”

माझ्या कामात असे क्षण थोडे येतात, आणि ते मला पुरतात. मला त्या दिवशी लख्ख दिसलं की कॉलेजला कळेल ही भीती त्याने पुढे उभी केली होती, मागे वेगळंच होतं. वडिलांना एक, मामाला दुसरं, रूममेटला तिसरं. कोणाला काय सांगितलं हे लक्षात ठेवण्यातच पोराची रात्र जात होती.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करणारी. घटनेपेक्षा, त्या घटनेबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो ते आपल्याला जास्त छळतं, असं ते 1950 च्या दशकापासून सांगत आले. म्हणून धीर देण्याआधी मी विचारलं, “बाबांना पाच कळले तर काय होईल?”

“संपलं.”

“मंगळवारी कळलं असं धर. बुधवारी सकाळी बाबा काय करतील?”

बराच वेळ गप्प. “बांधीत जातील.”

“मग?”

“दोन-चार दिवस बोलणार नाहीत. आई रडन. मग मामा येईन समजवाले.” थांबला. “लय खराब होईन मॅडम. पण संपत नाही.”

ते वाक्य त्याचं त्याने म्हटलं. मी म्हटलं असतं तर ते उपदेशात गेलं असतं. वडिलांशी तो पुढच्या रविवारी बोलला. वडील खरंच चार दिवस बोलले नाहीत. पुढच्या परीक्षेत पाचांतले तीन निघाले, दोन आहेत.

आता बाकीच्यांसाठी. समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या केबिनशेजारी असेल तर तिथे कोणी फिरकत नाही. आमचा कक्ष मी भांडून लायब्ररीच्या मागे नेला, बाहेरचं सहीचं रजिस्टर बंद करवलं, आणि गर्दी वाढली. याचं श्रेय मी कोणाला देणार नाही! सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. तुमच्या कॉलेजात नसेल तर विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत लेखी मागा, तोंडी नको.

कॉलेजातलं कोणीच नको असेल तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. हॉस्टेलच्या भिंतीवर हा नंबर मोठ्या अक्षरांत लावणं हेही त्याच निर्देशांत आहे. प्रत्यक्ष डॉक्टर हवे असतील तर नागपुरात मेडिकल, मेयो (हेही सरकारी रुग्णालयच) आणि प्रादेशिक मनोरुग्णालय, तिन्हीकडे मानसोपचार ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, चिठ्ठीच्या खिडकीवर रांग असते. पहिल्यांदा एकटं जाऊ नका, एखादा मित्र न्या. आणि मित्रानेही वाटेत फार समजावू नये. चहा पाजावा, नंबर येईपर्यंत बसावं.