कपाळावरच्या आठ्या आणि बोटॉक्स

प्रश्न : वय ४६. भुवयांमधल्या आठ्यांमुळे सगळे विचारतात, चिडलायस का? बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) घ्यावं वाटतंय पण चेहरा ताठ दिसेल ही भीती आहे.

उत्तर : भीती बरोबर आहे, पण ताठपणा येतो तो डोस आणि जागा चुकली की. भुवयांमधल्या आठ्यांचा नेहमीचा डोस २० युनिट, पुरुषांचे स्नायू दणकट म्हणून बऱ्याचदा जास्त लागतो, तरी पहिल्यांदा कमीच घ्या आणि दोन आठवड्यांनी पूर्ण परिणाम दिसला की हवं तर वाढवा. पुरुषांची भुवई सरळ असते, ती कमानीसारखी वर गेली की लगेच कळतं, हे डॉक्टरांना आधीच सांगा. असर ३-४ महिने टिकतो. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर मात्र नकोच. आणि प्लीज, सलूनमध्ये नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा.