बेसमेंट पार्किंग असताना इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी घ्यावी का? आगीचा धोका खरंच किती?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे जळत्या गाड्यांचे व्हिडिओ, हायब्रिड सगळ्यात जास्त पेटतात असं कुठेतरी वाचलेलं, आणि बेसमेंटमध्ये चार्जर लावायला सोसायटीच्या कमिटीची हरकत. मी पुण्यात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंग करतो. हल्ली त्यातलं बरंचसं काम सोसायट्यांमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्याचंच असतं. म्हणजे मी गाडीकडे भिंतीच्या बाजूने बघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

माझं मत विचाराल तर गाडी खुशाल घ्या. बॅटरीची धास्ती जेवढी घेतली जाते तेवढी घ्यायचं कारण नाही. प्लग आणि बेसमेंट यांची मात्र घ्या, कारण त्याकडे कोणी बघत नाही.

आधी हायब्रिडचं. तुम्ही वाचलेला आकडा बहुतेक हा असावा: दर एक लाख विकलेल्या गाड्यांमागे हायब्रिडच्या 3,475 आगी, पेट्रोलच्या 1,530 आणि इलेक्ट्रिकच्या फक्त 25. हा आकडा अमेरिकेतल्या विम्याचे दर तुलना करून देणाऱ्या एका वेबसाइटचा. त्यांनी तो तिथल्या एनटीएसबी या अपघात तपास यंत्रणेच्या नावावर खपवला. एनटीएसबीने मात्र रस्त्यावरच्या वाहनांच्या आगींची अशी नोंद आपण ठेवतच नाही, असं सांगून टाकलं. तरी आकडा फिरतोच आहे. इलेक्ट्रिकवाले आपली बाजू मांडायला तो वापरतात, म्हणून तर जास्त पसरला.

त्यापेक्षा भरवशाचा हिशेब स्वीडनच्या एमएसबी या सरकारी संस्थेचा. 2022 मध्ये तिथे सुमारे 6 लाख 11 हजार इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या होत्या, त्यातल्या 23 पेटल्या. पेट्रोल-डिझेलच्या सुमारे 44 लाख, त्यातल्या 3,400 च्या आसपास पेटल्या. टक्केवारीत 0.004 आणि 0.08. यातही एक मेख आहे: इलेक्ट्रिक गाड्या नव्या असतात, पेट्रोलच्या आकड्यात वीस वर्षांचे खटारे आणि मुद्दाम लावलेल्या आगीही येतात. तरीही तफावत इतकी मोठी आहे की इलेक्ट्रिक जास्त पेटते हे म्हणणं टिकत नाही.

आपल्याकडच्या हायब्रिडमध्ये तर बॅटरी असते केवढीशी! हायरायडर, ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी एक युनिटसुद्धा साठवत नाही. नेक्सॉन ईव्हीची तीस-पंचेचाळीस युनिटांची. इनोव्हा हायक्रॉसमध्ये लिथियम नाहीच, निकेल-मेटल हायड्राइड आहे, आणि त्यातलं द्रावण पाण्यात केलेलं असतं. हायब्रिडमध्ये पेटायला पेट्रोलची टाकी आहेच, उंदराने कुरतडायला वायरीही आहेत, म्हणजे साध्या पेट्रोल गाडीचे सगळे भोग. प्लगला लावायच्या हायब्रिडची गोष्ट निराळी, त्यात मोठी बॅटरी आणि टाकी दोन्ही. 2022 मध्ये अमेरिकेत क्रायस्लर पॅसिफिका हायब्रिडच्या जवळपास 17 हजार गाड्या परत बोलावल्या, तेव्हा मालकांना सांगितलं होतं की गाडी चार्ज करू नका आणि इमारतींपासून लांब, उघड्यावर उभी करा. तसल्या गाड्या आपल्याकडे मोजक्याच आणि महागड्या आहेत.

मग बेसमेंटवाल्यांच्या भीतीत काहीच तथ्य नाही का? आहे. लिथियमची बॅटरी क्वचित पेटते, पण पेटली की हाताला येत नाही. एका सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला की तो तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि ही माळ पुढे सरकत जाते. पावडरचा सिलिंडर मारला तर ज्वाळा बसतात, सेल तापतच राहतात. पॅक थंड व्हायला पाणीच लागतं, आणि तेही किती? टेस्लाच्या अग्निशमन दलासाठीच्या सूचनांमध्ये 11 हजार ते 30 हजार लिटर म्हटलं आहे. म्हणजे सोसायटीत येणारे दहा हजारी टँकर एका गाडीला एक ते तीन. विझलेली गाडी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही परत धुमसते. आणि धूर विषारी, त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे वायू असतात. तेव्हा बेसमेंटमध्ये असं काही दिसलं तर सिलिंडर घेऊन शौर्य गाजवायला जाऊ नका. माणसं बाहेर काढा, 101 ला फोन करा आणि गाडी इलेक्ट्रिक आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.

कमिटीला सांगायचं असेल तर दक्षिण कोरियातल्या इंचॉनचं उदाहरण सांगा. 1 ऑगस्ट 2024 ला तिथल्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या भूमिगत पार्किंगमध्ये मर्सिडीजची इलेक्ट्रिक गाडी पेटली. ती चार्जिंगला नव्हती, अडीच दिवस नुसती उभी होती. डझनावारी गाड्या जळाल्या, शेकडो काळवंडल्या, आग विझायला आठ तास लागले. हे सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही: तिथे स्प्रिंकलर होते, पण अलार्म वाजल्यावर ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याने स्प्रिंकलरची यंत्रणा बंद केली, त्यामुळे त्या भागात पाणी पडलंच नाही. आणि लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळाचं पार्किंग ऑक्टोबर 2023 मध्ये चौदाशेच्या आसपास गाड्यांसकट जळालं, तेव्हा सोशल मीडियाने ताबडतोब इलेक्ट्रिकला दोषी ठरवलं. अग्निशमन दलाने सांगितलं की सुरुवात डिझेल गाडीपासून झाली.

तेव्हा कमिटीला विचारा, आपल्या बेसमेंटमधला फायर पंप ऑटोवर आहे का? महाराष्ट्रात 2006 च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत लायसन्स असलेल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. बऱ्याच ठिकाणी तो कागद मिळतो आणि पंपाचा स्विच मात्र 'मॅन्युअल'वर असतो, कारण मागे कधीतरी लीकेजमुळे पंप रात्री सुरू झाला होता आणि लोक ओरडले होते. असा पंप असलेल्या बेसमेंटमध्ये डिझेलची एसयूव्हीसुद्धा सुरक्षित नाही.

आता माझ्या प्रांतातलं, म्हणजे प्लगचं. गाडीसोबत जी पोर्टेबल केबल येते ती साध्या 16 अँपिअरच्या सॉकेटला लावतात. ती 3.3 किलोवॅटची असेल तर जवळजवळ 14 अँपिअर खेचते. गिझरही साधारण तेवढाच घेतो, पण गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडी रात्रभर खेचत राहते. सॉकेट स्वस्तातलं असेल किंवा आतला स्क्रू नीट आवळलेला नसेल तर त्या एका बिंदूवर उष्णता साठत जाते. मी बदललेल्या सॉकेटमध्ये नेहमीचं दृश्य असं: वरून पांढरंशुभ्र, फक्त एका भोकाची कड तपकिरी आणि थोडी वितळून पसरलेली. उघडलं की फेजच्या वायरीचं इन्सुलेशन दोन बोटं मागपर्यंत कडक झालेलं, आणि टर्मिनलचा स्क्रू नखाने फिरावा इतका सैल. लोक विचारतात, मग एमसीबी कशी पडली नाही? पडणार कशी, करंट जास्त नव्हताच. एमसीबीला जास्तीचा करंट कळतो, सैल स्क्रू कळत नाही.

त्यामुळे चार्जिंगसाठी वेगळी लाइन ओढा, थेट तुमच्या मीटरवरून किंवा महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेऊन. कॉमन लॉबीच्या दिव्यांच्या लाइनवरून तर अजिबात नको. वायर निदान चार एमएमची, मीटर रूम लांब असेल तर सहाची. अडीचच्या वायरवर भागवू नका. डीबीमध्ये, म्हणजे वितरण बोर्डात, एमसीबीबरोबर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, हवीच. जमलं तर सॉकेटच्या भानगडीत न पडता भिंतीवरचा टाइप टू चार्जरच बसवा, म्हणजे ज्याची केबल थेट गाडीत लागते तो. एक्स्टेंशन बोर्ड हा शब्दसुद्धा काढू नका. आणि पहिल्या दिवशी तासभर चार्जिंग झाल्यावर प्लग टॉपला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबा.

अर्थिंगबद्दल एक सांगतोच, आगीपेक्षा शॉकचा विषय असला तरी. अर्थिंग नसलं की चार्जर लाल दिवा दाखवतो आणि गाडी चार्ज होत नाही. मग एखादा 'हुशार' वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला लूप मारून देतो. दिवा हिरवा, गिऱ्हाईक खूश. पुढे कधी मागून न्यूट्रल तुटला तर गाडीचा अख्खा पत्रा जिवंत होतो. काम झाल्यावर सॉकेट उघडून बघायला लाजू नका.

व्हिडिओंचं म्हणाल तर आपल्याकडचे बहुतेक स्कूटरचे आहेत. 2022 च्या सप्टेंबरात वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूममधून आग लागली आणि वरच्या लॉजमधली आठ माणसं गेली. तुमच्या बेसमेंटमधल्या कारला हरकत घेणाऱ्या सभासदांपैकीच कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये, नेमकी मुख्य दाराच्या मागे, स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लागलेली असते. घरातून बाहेर पडायची वाट तीच. मला विचाराल तर सोसायटीने पहिला नियम याचा करावा.

कारच्या बाबतीत नियम बरेच कडक झाले आहेत. जून 2022 मध्ये वसईतच नेक्सॉन ईव्ही पेटली, पण डॅशबोर्डवर इशारे दिसल्यावर चालक उतरला होता आणि कोणाला इजा झाली नाही. पुढे एआयएस-038 चे, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेच्या भारतीय मानकाचे, सुधारित नियम डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एका सेलमधून आग पसरायला लागली तर आतल्या लोकांना धोका पोहोचण्याच्या निदान पाच मिनिटं आधी गाडीने इशारा दिला पाहिजे, असं त्यात आहे. गाडी निवडताना बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, आहे का विचारा. ती जास्त तापमानापर्यंत टिकते आणि पेटली तरी उष्णता कमी टाकते. दारांची हँडल पत्र्यात दडलेली असतील तर वीज गेल्यावर आतून दार उघडायची खटकी कुठे आहे हे डिलिव्हरीच्या दिवशीच दाखवून घ्या, मागच्या सीटवरच्यांनाही.

शेवटचं, बेसमेंट आहे म्हणून. जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तसं तुमच्याकडे शिरत असेल, तर पाऊस वाढला की गाडी आधी वर काढा. बुडालेली गाडी, हायब्रिड असो की इलेक्ट्रिक, सुरू करून बघू नका, चार्जरला तर मुळीच लावू नका. फ्लॅटबेडवर चढवून न्यायला सांगा, आणि तोपर्यंत इमारतीपासून पंधरा मीटर तरी लांब ठेवा.