चौथं भोक कशाला असतं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलीच्या पित्ताच्या पिशवीत खडे, पिशवी दुर्बिणीने काढायला एक डॉक्टर पोटावर चार भोकं म्हणतायत, दुसरे बेंबीतून एकाच भोकात करतो म्हणतायत, आणि नवरात्रात चनियाचोळी घालायची म्हणून मुलगी एकावरच अडून बसलीय. बडोद्याची मुलगी, गरबा कसा सोडेल! मी इथेच बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते म्हणून सांगते.

बेंबीतलं भोक कॅमेऱ्याचं, छातीच्या हाडाखालचं डॉक्टरांच्या उजव्या हाताचं. उजव्या बरगडीखाली दोन बारीक, ५ मिमीची, एक डाव्या हाताचं आणि अगदी कडेच्यातून पिशवीचं टोक लिव्हरवर ढकलून नुसतं धरून ठेवतात. कमी करायचं म्हटलं की आधी हे कडेचंच जातं. पिशवी फार सुजलेली नसेल तर तिनात आरामात निभतं, कुणीकुणी तर टोकात दोरा ओवून पोटाबाहेरून ओढून धरतात.

एकाचं गणित वेगळं. बेंबीत २ सेंमीच्या आसपास काप लागतो, सगळी हत्यारं तिथूनच जातात त्यामुळे आत एकमेकांना अडतात, वेळ जास्त लागतो, आणि पुढे बेंबीला हर्निया व्हायची शक्यताही चार भोकांपेक्षा जास्त. व्रण मात्र खरंच दिसत नाही, हे मान्य. खांदा दुखतो तो पोटात भरलेल्या गॅसमुळे, एका भोकातही दुखतो.

खरी भीती मुख्य पित्तनळीला इजा व्हायची, मग मोठी ऑपरेशनं मागे लागतात. म्हणून पिशवीत शिरणारी एक नळी आणि एक रक्तवाहिनी, दोनच गोष्टी, साफ मोकळ्या दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही, १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग या सर्जननी मांडलेली पद्धत. तेवढं दिसायला पिशवी नीट ताणलेली हवी, आणि ताणायला हात हवेत. एकदा तिनावर सुरू केलेल्या केसमध्ये सगळं चिकटलेलं निघालं, सरांनी गुपचूप चौथा ट्रोकार (भोक पाडून हत्यार आत घालायची नळी) मागितला, दोन मिनिटांत चित्र मोकळं झालं. बाहेर नातेवाईक मात्र "तीन ठरली होती ना" म्हणून रुसले!

तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, एका भोकाच्या किती केसेस केल्यात, आणि आत अडलं तर जास्तीचं भोक घ्याल ना? ते "गरजच पडत नाही" म्हणाले तर मी तरी पहिल्यांकडेच जाईन. कडेची दोन भोकं तशीही ओढणीखाली जातात. आणि ऑपरेशन होईपर्यंत तळलेलं बंद, शेव-उसळीची तर्रीसुद्धा.